किरकोळ त्रुटी

सेबूला पोचले तेव्हा पहाटेचे चार.
कंपनी रात्रभर जागीच असते,
कारण हॅलिफॅक्सच्या इस्पितळात तेव्हा दुपार कलत असते.
फाटकावरच्या रखवालदाराने क्वेकचं क्विक केलं,
पासपोर्टचा नंबर उघड्या वहीत उतरवला
कालच्या पाहुण्यांच्या खाली,
पेन तसंच वहीत टाकून हसून म्हणाला, या.
मी मनात टिपलं: त्रुटी, किरकोळ.

मी सिंगापूरची. माझं काम शिक्क्याचं.
एका देशाची दुखणी दुसऱ्या देशाच्या यंत्रात
नीट झाकून नेतात का, ते बघायचं,
एकशे चौदा प्रश्न विचारायचे,
आणि सगळं जागच्या जागी असेल तर एक कागद द्यायचा.
तो ते काचेत लावतात,
स्वागतकक्षात, प्लास्टिकच्या ऑर्किडशेजारी.

किल्ल्या कोणाकडे? दोघांकडे, अर्धी अर्धी.
टेबलावर कागद? नाही. पेन्सिलसुद्धा नाही.
मोबाईल? दाराशी, लॉकरमध्ये.
मुदत संपली की पुसता? पुसतो.
पुरावा? हा घ्या, तारीखवार.

मग मर्लिंडा काबाहुग, वय एकावन्न.
अकरा वर्षं कानाला हेडफोन लावून
तिकडच्या डॉक्टरांचं पुटपुटणं टाईप करते.
नावं तिच्यापर्यंत येत नाहीत.
आकडे येतात, आणि आवाज.
मी अठ्ठ्याऐंशीवा प्रश्न विचारला:
पुसल्यानंतर माहितीची एखादी प्रत कुठे उरते का?

उरते, म्हणाली.

व्यवस्थापकाची खुर्ची करकरली.

एक जण होता, मॅडम. बोटीवर असणार पूर्वी,
डॉक्टर म्हणायचे, दोरखंडांनी हात गेलेत याचे.
दर हिवाळ्यात पाय सुजायचे.
त्याच्याबद्दल सांगताना डॉक्टर सावकाश बोलायचे,
एकदा तर वाक्य अर्धंच सोडलं,
मी तिथे नियमाप्रमाणे लिहिलं, विराम.
तीन हिवाळे असे.
चौथ्या वर्षी फेब्रुवारी गेला, मार्च गेला,
तो आकडा काही आला नाही.
मग बासिलिकेत गेले.
तिथे बायका असतात, पैसे दिले की तुमच्या माणसासाठी
मेणबत्त्या हातात धरून नाचतात,
दोन पावलं पुढे, एक मागे.
त्यातली एक म्हणाली, नाव सांग.
नाव कुठलं सांगू?
आकडा होता, पण आकडा दाराबाहेर न्यायला मनाई.
म्हटलं, ज्याचे पाय सुजायचे, तो.
तिला तेवढं पुरलं.

प्रकृतीची माहिती. त्रयस्थ व्यक्तीला. तोंडी.
आणि तिथून पुढे?
माझ्या फॉर्मात रकाना आहे:
माहिती अखेर कोणत्या देशात गेली,
आणि तिथलं संरक्षण पुरेसं आहे का.
मी पेन उचललं होतं.
मेणबत्तीचा धूर कुठल्या देशात जमा होतो
हे मला कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.
आणि पोटात ठेवलेल्या गोष्टीला
ना मुदत असते, ना पुसायचं बटण;
कुलूप असतं, ते आतून.

आम्ही तिला पुन्हा ट्रेनिंग देऊ, व्यवस्थापक म्हणाला,
लगेच, याच आठवड्यात.
मर्लिंडा आपल्या हातांकडे बघत होती,
बोटं मांडीवर काहीतरी टाईप करत होती, सवयीने.
मी म्हटलं, प्रश्न एकोणनव्वद.
आग विझवायची यंत्रं शेवटची कधी तपासली?

संध्याकाळी अहवाल दिला.
त्रुटी एक, किरकोळ:
फाटकावरची वही उघडी असते.
तीस दिवसांत सुधारावी.

निघताना रखवालदाराने तीच वही पुढे केली,
वेळ लिहा, मॅडम क्विक.
माझ्या वरच्या ओळीत कुणी एक ऑगुस्तो,
तिरकं अक्षर, फोन नंबर.
मी बघायला नको होतं.
शेवटचे चार आकडे अजून माझ्याकडे आहेत.